पाय उचलला की शेवटची फेरी

नखं करून देणाऱ्या दुकानातल्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं. मी एकटाच होतो. उजव्या हाताची तर्जनी पुढे करून म्हटलं, "हे एकच करायचंय. ॲक्रिलिक. जरा जाड."

"गिटार?"

"बँजो."

त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागल्या. नॉर्थ कॅरोलायनात चाळिशीचे पुरुष एका बोटाचं नख करून घ्यायला येतात, हे त्यांना नवीन नसावं. आईला मात्र नवीन होतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी चहाचा कप उचलला आणि कराडहून लगेच विचारणा झाली, "बोटाला काय लावून घेतलंयस ते?" वाजवायला लागतं म्हणालो, तर म्हणाली, "मग नखी घाल की, सतारवाल्यांसारखी."

नखी चालत नाही, हेच तर दुखणं. क्लॉहॅमर नावाच्या पद्धतीत बोट तार ओढत नाही. हाताचा पंजा अर्धवट मिटायचा, दारावर टकटक करतो तसा मनगटातून खाली आणायचा, आणि नखाच्या पाठीने तारेवर प्रहार करायचा. हा बँजो मिरवणुकीतला नव्हे, डफासारख्या गोल पोटाचा आणि लांब दांडीचा. त्याच्या तारा पोलादी. रोज तासभर असा मार खाल्ला की माझं खरं नख पंधरा दिवसांत झिजून मांसाला लागतं. ॲक्रिलिकच्या आधी मी काही महिने पिंगपाँगच्या चेंडूवर काढले. चेंडू कात्रीने फोडायचा, नखाच्या आकाराचा तुकडा कापायचा आणि फेविक्विकसारख्या गोंदाने नखावर चिकटवायचा. हा उपाय बँजोवाल्यांमध्ये जुना आहे. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो तुकडा सुटून टेबलावर पडला. कुणी काही बोललं नाही, पण त्यानंतर मी पैसे मोजायला लागलो.

ज्या बँडपायी ही उठाठेव केली त्याचं नाव देत नाही, कारण ते दर कार्यक्रमाला बदलायचं. माणसं चार. फिडल, बँजो, गिटार आणि माणसाहून उंच असा उभा बास. वीज नाही, ड्रम नाहीत. चाली अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचिया डोंगरातल्या, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या, नाचाच्या. आणि वाजवायच्या अशा, की पहिल्या रांगेतल्या माणसाने खुर्ची मागे सरकवावी. चौघांतले तिघं कधी ना कधी पंक बँडमध्ये होते. चौथा मी. माझी पुंजी म्हणजे गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला वाजवलेल्या झांजा.

मूळ सगळं शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये आहे. २०१७ साली कंपनीने मला पुण्याहून नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅमला पाठवलं, आणि आम्ही घेतलेल्या घराच्या बाजूला एक प्लंबर राहत होता. रविवारी संध्याकाळी त्याच्या गॅरेजमधून फिडलचा आवाज यायचा. फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाद्यात फरक नाही. पण आपल्या कानाला व्हायोलिन म्हणजे एकतर कर्नाटकी मैफल, नाहीतर सिनेमातला रडका प्रसंग. हे तसलं काहीच नव्हतं. कुणीतरी एकच वाक्य रागारागाने पुन्हापुन्हा म्हणत राहावं, तसं ते होतं. वीस-वीस मिनिटं तीच चाल. बायको म्हणाली, "याला पुढचं येत नाही का?"

एका रविवारी नळ गळतोय या निमित्ताने गेलो. नळ खरंच गळत होता. त्याने तो नंतर पाहिलाही, पण आधी मला खोक्यावर बसवलं. नव्वदच्या दशकात तो शेजारच्या चॅपल हिल गावातल्या तळघरांमध्ये पंक बँडात गिटार वाजवायचा. एक कान त्या दिवसांत गेला. आता तो फक्त जुन्या चाली वाजवत होता, आणि त्याच्या मते यात काहीच बदललं नव्हतं. "बस, ऐक," म्हणाला आणि एक खरखरीत ध्वनिमुद्रण लावलं.

चार्ली पूल. कॅरोलायनातल्या कापडगिरणीतला कामगार. बेसबॉल खेळताना हाताची बोटं वाकडी झाली ती कायमची, आणि त्याच बोटांनी तो बँजो वाजवायचा. १९२५ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्याच्या तिघांच्या बँडने पहिली ध्वनिमुद्रिका केली आणि तिच्या लाखाच्या घरात प्रती खपल्या. दारू, मारामाऱ्या, रस्त्यावरचं आयुष्य. १९३१ मध्ये हॉलिवूडहून सिनेमाला संगीत देण्याचं बोलावणं आलं, त्या आनंदात पठ्ठ्या कित्येक आठवडे पीत राहिला आणि गेलाच. वय ३९. "आणि लोक म्हणतात पंक लंडनमध्ये जन्मला," शेजारी म्हणाला.

मला तेव्हा पंक म्हणजे रंगवलेले उभे केस आणि सेफ्टीपिना एवढंच माहीत. त्याने पुढच्या काही रविवारांत माझं शिक्षण केलं. १९७६-७७ च्या सुमारास लंडन-न्यूयॉर्कमधल्या पोरांचं म्हणणं होतं की रॉक संगीत फार हुशार झालंय. दहा-दहा मिनिटांचे गिटारचे एकल तुकडे, लेझरचे दिवे, सगळं विकत घेतलेलं. तीन कॉर्ड येत असतील तर उभे राहा आणि वाजवा. मग हीच खुमखुमी बिनविजेच्या वाद्यांत शिरली. १९८२ मध्ये लंडनमध्ये पोग्ज निघाले. टिनची शिट्टी, अकॉर्डियन, बँजो, आणि आयरिश दारूच्या गुत्त्यातली गाणी किंचाळत म्हणणारा शेन मॅकगोवन. त्याच्या वर्षभर आधी मिलवॉकीच्या फुटपाथवर व्हायोलंट फेम्स नावाची तीन पोरं गिटार, अकूस्टिक बास आणि एका ताशावर ब्रश घासत हेच करत होती. आमच्या राज्यातल्याच बून गावात, औषधाच्या दुकानासमोर, ओल्ड क्रो मेडिसिन शोची पोरं वाजवत होती, तेव्हा तिथले थोर अंध गिटारवादक डॉक वॉटसन यांनी त्यांना आपल्या मर्लफेस्ट महोत्सवात बोलावलं. कॅन्ससच्या स्प्लिट लिप रेफील्डचा बासवाला तर मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीपासून केलेला एका तारेचा बास वाजवतो. हे ऐकल्यावर मी उडालोच. पत्र्याचं पोट, एक दांडी, एक तार. म्हणजे तुणतुण्याचा थोरला भाऊ!

शेजाऱ्याला तुणतुणं म्हणजे काय ते सांगताना माझीच दमछाक झाली. लहानपणी घरातल्या कुणाच्या तरी लग्नानंतर गोंधळ घातला, त्यात संबळ वाजत होता, तो सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या लक्षात राहिला तो मागे उभा राहून तुणतुणं वाजवणारा माणूस. रात्रभर एकच स्वर. झील धरायची आणि तुणतुण तुणतुण. मी ते तोंडाने करून दाखवलं. शेजारी आत गेला, बँजो घेऊन आला आणि त्याची पाचवी तार अंगठ्याने छेडली. तुण.

मी तिथेच अडकलो, असं म्हणायला हरकत नाही.

ही पाचवी तार समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. बँजोच्या चार तारा खालपासून वरपर्यंत जातात, पाचवी मात्र आखूड. तिची खुंटी दांडीच्या मध्येच, अंगठ्याच्या अंगाला. सूर सगळ्यांत चढा. ती सहसा दाबायची नसते, तिने एकच स्वर म्हणत राहायचं. हा गोऱ्या डोंगरी माणसांचा शोध असेल असं मला वाटलं होतं. मुळीच नाही. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी हे वाद्य आणलं, घडवलं. सेनेगल-गांबियाकडे जोला लोकांचं आकोंटिंग अजून वाजतं. भोपळ्याचं पोट, कातडं, आखूड एकसुरी तार आणि नखाचा तोच खालचा प्रहार. आमच्या डरॅमपासून गाडीने अर्ध्या तासावर मेबन गाव आहे. तिथे जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलवादक २०१२ पर्यंत हयात होते. २००५ मध्ये तीन तरुण कृष्णवर्णीय वादक दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन शिकायला लागले, त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला आणि २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. मी डरॅमला पोहोचायच्या पाच वर्षं आधी थॉम्पसन गेले. हे मला अजून लागून राहिलंय.

एक वापरलेला, मागून उघडा बँजो विकत घेतला. मागे झाकण असलेला बँजो ब्लूग्रासवाल्यांचा (ब्लूग्रास म्हणजे याच चालींतून पुढे निघालेला करामती प्रकार), तो जास्त खणखणतो आणि खांदा मोडेल एवढा जड असतो. शिकवणी म्हणजे शेजारी. त्याने पहिला धडा दिला तो एवढाच. बम-डिटी. 'बम'ला नखाने एक तार, 'डि'ला नखाने सगळ्या तारांवर फटका, 'टी'ला अंगठ्याने पाचवी. खरी मेख अशी, की नख खाली येतं त्याच क्षणी अंगठा पाचव्या तारेवर टेकलेला असतो आणि हात वर जाताना ती सुटते. वेगळी हालचाल नाहीच. पहिले तीन महिने माझा अंगठा बँकेतल्या कारकुनासारखा वागला, सांगितल्यावर अर्ध्या मिनिटाने उठायचा. स्वयंपाक करताना, गाडीच्या स्टिअरिंगवर, मीटिंगमध्ये मांडीवर, सगळीकडे बम-डिटी, बम-डिटी. बायको एकदा वैतागून म्हणाली, "तुझं तेच तुणतुणं किती दिवस ऐकायचं?" म्हणाली आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. कारण वाक्प्रचार एवढा तंतोतंत खरा क्वचितच होतो.

चार महिन्यांनी शेजाऱ्याने मला मंगळवारच्या गोलात नेलं. एका बिअरच्या दुकानाच्या मागच्या अंगणात दहा-बारा लोक खुर्च्या वर्तुळात मांडून बसतात, श्रोत्यांकडे पाठ करून. श्रोते असले तर असले. इथे मला नियम कळले, जे कुणीही सांगत नाही. एकदा ए स्वरात बसलं की तासभर ए मध्येच. कारण फिडलवाल्यांनी तारा त्याच स्वराला जुळवून घेतलेल्या असतात आणि बँजोवाल्यांनी दांडीवर सूर चढवणारा चिमटा, कॅपो, लावलेला असतो. डी मध्ये जायचं म्हणजे बारा माणसांनी एकदम खुंट्या पिळायच्या, आणि ते पाच मिनिटांचं कुईंकुईं कुणाला नको असतं. चालीला दोन भाग. वरच्या पट्टीतल्याला जुने लोक 'बारीक' म्हणतात, खालच्याला 'जाड'. प्रत्येक दोनदा, मग परत पहिल्यापासून. असं दहा वेळा, पंधरा वेळा. ब्लूग्रासमध्ये एकेक वादक पुढे येऊन आपली करामत दाखवतो. इथे करामत नाही. सगळे सगळा वेळ तेच वाजवतात. कुणी वेगळं दिसायला गेला तर त्याला कुणी रागावत नाही, पण पुढच्या मंगळवारी त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते.

आणि थांबायचं कसं? चाल ज्याने सुरू केली तो एक पाय जमिनीवरून उचलतो. बस. पाय वर दिसला की ही शेवटची फेरी. पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मी डोळे मिटून, तल्लीन वगैरे होऊन वाजवत होतो, आणि अचानक लक्षात आलं की अख्ख्या अंगणात फक्त माझाच बँजो चालू आहे. बम-डिटी. दहा-बारा माणसं शांतपणे माझ्याकडे पाहतायत. एका आजीबाईंनी स्वतःचा पाय उचलून मला दाखवला, लहान मुलाला दाखवतात तसा.

बँड त्या गोलातूनच निघाला. बास वाजवणारी एक ग्रंथपाल होती, हातावर गोंदणं, आवाज रेड्यासारखा. (हे तिचंच वर्णन आहे.) गिटारवर विद्यापीठातलं एक पोरगं, वयाने माझ्या निम्मं, ज्याला तीनच कॉर्ड यायच्या आणि चौथी शिकण्याची इच्छा नव्हती. शेजारी फिडलवर. मी होतो म्हणून होतो. दुसरा बँजोवाला सापडला नाही.

गॅरेजमधली तालीम म्हणजे भांडण. भांडण एकाच गोष्टीवर, वेगावर. पोरग्याचं म्हणणं, पंक म्हणजे सुसाट. शेजारी आधी नाही म्हणायचा, पण अंगात आलं की त्याचाच गज सगळ्यांच्या पुढे पळायचा. आम्ही मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, लावून पाहिलं. मिनिटाला १५० ठोक्यांनी सुरू केलेली चाल १७० वर संपत होती. माझी 'डिटी' त्या वेगात कधीच मेली होती, उरला होता नुसता 'बम'. पण तो आवाज! लाकडाच्या चार खोक्यांतून, विजेच्या तारेशिवाय, एवढा दणका निघतो यावर माझा विश्वास बसेना. एक गाणं कोंबडीवर आहे. त्यात फिडलवर बोटाने तार छेडून कोंबडीचं कॉक-कॉक काढतात. ग्रंथपाल त्या ठिकाणी खरोखर किंचाळायची. मला झील धरायला सांगितलं. गोंधळातल्या झीलकऱ्यांसारखी मी शेवटची दोन अक्षरं लांबवत ओढली, तर पोरगं म्हणालं, "हे काय आहे? हे ठेव." ठेवलं. मराठी म्हणून माझं योगदान तेवढंच. बाकी मला विचाराल तर मी विटांच्या रांगेतली एक वीट होतो, आणि खूश होतो.

पहिला कार्यक्रम त्याच बिअरच्या दुकानात, पण या वेळी लोकांकडे तोंड करून. नख दोन दिवसांपूर्वी केलेलं. दुसऱ्याच गाण्यात गिटारची एक तार तुटली, पोरग्याने ती दाताने धरून बाजूला केली आणि पाच तारांवर पुढे चालू ठेवलं. चौथ्या गाण्यात माझ्या बँजोचा सूर घसरला. ऑगस्टची दमट हवा, त्यात चामड्याचं तोंड. बहुतेक बँजोंना आता प्लास्टिकचं तोंड असतं, मी हौसेने बकऱ्याचं कातडं बसवून घेतलं होतं. हलगी ढिली पडली की शेकोटीशी धरतात, इथे शेकोटी कुठून आणणार? सूर अर्ध्या पायरीने उतरलेला, आणि कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. पंचेचाळीस मिनिटांत बावीस चाली उरकल्या. लोकांनी टेबलं बडवली. एक मुलगा बाकावर चढून नाचला आणि पडला. उठून परत चढला. घरी आलो तेव्हा हात थरथरत होता आणि मला वाटत होतं, जमलं.

मग डिसेंबरात आम्हाला चौकोनी नाचाला बोलावलं.

हा इथला जुना प्रकार. चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत. एक हाक देणारी बाई मायक्रोफोनवर पुढची आकृती सांगते, डावा हात, उजवा हात, जोडीदार फिरवा, आणि लोक त्याप्रमाणे नाचतात. बँडने मागे बसून वाजवायचं. आम्ही मनात म्हटलं, सोपं काम. पहिली चाल आमच्या नेहमीच्या वेगाने सुरू केली. अर्ध्या मिनिटात हॉलमध्ये रेल्वे स्टेशन झालं. लोक एकमेकांवर आदळतायत, एका आजोबांनी भिंत धरली, लहान मुलं चेंगरायच्या बेतात. बाईंनी हात वर करून नाच थांबवला. सगळ्यांदेखत आमच्याकडे वळल्या आणि मायक्रोफोन न झाकता म्हणाल्या, "पोरांनो, माणसांना पाय असतात."

त्यांनी टाळी वाजवून ठेका दिला. मिनिटाला ११५, फार तर ११८. आम्हाला ते प्रेतयात्रेसारखं वाटलं. पण सुरू केलं. एक नाच म्हणजे बारा मिनिटं, कधी पंधरा. तीच चाल, न थांबता, न वाढवता. चौथ्या मिनिटाला माझं मनगट दुखायला लागलं, सातव्याला शेजाऱ्याच्या कपाळावरून घाम गजावर. वेगात असताना चुका पळून जातात हे मला तेव्हा कळलं. या लयीत प्रत्येक 'बम' उघडा पडत होता. उशिरा आला तर साठ माणसांची पावलं उशिरा पडायची. मला ते दिसत होतं! माझा अंगठा चुकला की समोरच्या हिरव्या स्वेटरमधल्या बाईंचा पाय चुकायचा. दहाव्या मिनिटाच्या आसपास काहीतरी जुळलं. लाकडी जमीन खालून वर यायला लागली. सत्तर माणसांचे जोडे एका क्षणाला पडत होते, बासचा ठोका त्याच क्षणाला, माझं नख त्याच क्षणाला. खिडकीची काच वाजत होती. इतका दणका आमच्या १७० ला एकदाही निघाला नव्हता.

गाडीत कुणी बोललं नाही. घराशी आल्यावर पोरगं म्हणालं, "च्यायला." म्हणजे इंग्रजीतलं जे काही असतं ते म्हणालं.

पुढचे तीन महिने आम्ही मेट्रोनोम फेकून दिला आणि माणूस आणला. नाचातल्या त्या हिरव्या स्वेटरवाल्या बाई. त्या फ्लॅटफूट नाचतात, म्हणजे कमरेच्या वरचं अंग जवळपास स्थिर आणि सगळा खेळ जमिनीलगत, टाचा-चवड्यांचा. आमच्या लावणीत पावलांना घुंगरांची साथ असते, इथे नुसत्या चामडी तळव्याची. बाई प्लायवूडची एक फळी सोबत आणायच्या, दीड-दोन हात रुंद. ती गॅरेजच्या जमिनीवर टाकायची आणि तिच्यावर त्या उभ्या. त्यांचं वय सत्तरीच्या आत नक्की नव्हतं. आम्ही पळायला लागलो की त्या नाचणं थांबवायच्या. शब्द नाही, रागावणं नाही. फळी गप्प झाली की आम्हाला कळायचं. मग परत पहिल्यापासून. पोरग्याला हे सगळ्यांत जड गेलं. पण एकदा त्याला ते जोडे गिटारच्या खालच्या तारेवर 'बसलेले' ऐकू आले आणि त्यानंतर त्याने वाद घातला नाही. फळी आम्ही ठेवूनच घेतली. आमचा ड्रम तोच. बाई कार्यक्रमाला येऊ लागल्या, बँडात पाचव्या झाल्या.

ग्रंथपाल अजूनही किंचाळते, झील मी अजूनही ओढतो. फक्त आता १२० ला. लोक खुर्च्या मागे सरकवतात, पूर्वीपेक्षा जास्त.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाचही जण क्लिफटॉपला गेलो. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, कॅम्प वॉशिंग्टन-कार्व्हरच्या पठारावर, १९९० पासून जुन्या तंतुवाद्यांच्या बँडांचा हा मेळा भरतो. डरॅमहून पाच तास. वाटेत मैलभर लांबीचा बोगदा लागतो, आत शिरताना व्हर्जिनिया, बाहेर पडताना वेस्ट व्हर्जिनिया. हे ठिकाण १९४२ साली सुरू झालं ते कृष्णवर्णीय मुलामुलींच्या शिबिरासाठी, कारण गोऱ्यांच्या शिबिरात त्यांना प्रवेश नव्हता. मधोमध चेस्टनटच्या ओंडक्यांची प्रचंड इमारत आहे. तशी मोठी झाडं आता ॲपलाचियात जवळपास उरली नाहीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या बुरशीने जंगलंच्या जंगलं वाळली. मी त्या भिंतीला पाठ टेकून बँजो लावला.

स्पर्धेत एक पारंपरिक बँडांचा गट असतो आणि एक नव-पारंपरिक, आमच्यासारख्या उपटसुंभांसाठी. आम्ही नाव दिलं, वाजवलं, अंतिम फेरीत गेलो नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिथे स्पर्धा म्हणजे वारीत लावलेली रसवंतीची गाडी, लोक त्यासाठी येत नाहीत. लोक येतात ते तंबूंसाठी. तंबूंचं गावच बसतं, आणि रात्री दहानंतर प्रत्येक ताडपत्रीखाली एक गोल असतो.

तिसऱ्या रात्री पाऊस लागला, आपल्याकडच्या जुलैसारखा, सरळ आणि न थांबणारा. चिखल घोट्यापर्यंत. आम्ही फळी डोक्यावर धरून कुणाच्या तरी ताडपत्रीखाली शिरलो. आत पंधराएक लोक, एक कंदील. एक म्हातारा आपल्या बँजोचं कातडं कंदिलाच्या काचेशी धरून शेकत होता, अगदी हलगीवाला धरतो तसं, मधूनच बोटाने टिचकी मारून ऐकत. मी माझाही पुढे केला. त्याने जागा करून दिली. दोघं शेजारी बसून शेकत राहिलो, काही न बोलता. टिचकी, कान, टिचकी.

मग त्याने कोंबडीची चाल सुरू केली. आमचीच, पण मी ऐकलेल्या कुठल्याही रूपापेक्षा हळू. ११० असेल. बाईंनी चिखलात फळी टाकली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाहेरून भिजलेली माणसं आत येत गेली, फिडलं सहा-सात झाली, बारीक भाग आला की पावसाचा आवाजही बुडायचा. पोरगं डोळे मिटून तीन कॉर्ड मारत होतं. ग्रंथपाल किंचाळली नाही. मी झील ओढली, तर मागून चार अनोळखी आवाजांनी ती उचलली, मराठी हेलासकट. पंधरा मिनिटं. माझं नख मुळापासून सुटल्याचं जाणवलं, ते चिखलात कुठेतरी गेलं आणि मी बोटाच्या कातड्याने वाजवत राहिलो.

केव्हातरी वाऱ्याने कंदील विझला. कुणी लावायला उठलं नाही, हात रिकामे नव्हते कुणाचे. म्हाताऱ्याने पाय उचलला असेलही. त्या अंधारात तो कुणाला दिसणार?